दोन घनफूट हवा

खोकेमास्तरांनी चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात पेले, बरण्या आणि दिव्यांच्या हंड्या खोक्यांत भरल्या, आणि या चाळीस वर्षांत त्यांना आभाराचं एकही पत्र आलं नाही. यात कारखान्याचा दोष नव्हता, गिऱ्हाइकांचाही नव्हता. दोष धंद्याचा होता. पेला सुखरूप पोहोचला की माणूस त्यात पाणी ओततो आणि पितो. पेला कुणी भरला होता हे विचारत बसत नाही. फुटला की मात्र तोच माणूस ताबडतोब कागद शोधतो. मास्तरांच्या खणात अशी एकतीस पत्रं होती. "चाळीस वर्षांत एकतीस, म्हणजे वर्षाला धड एकसुद्धा नाही," हे ते कुणी न विचारता सांगत. ऐकणारा "वा" म्हणून विषय बदलत असे.

त्यांचे नियम दोनच होते. पहिला: हवा पाठवायची नाही. खोक्यात हवा राहिली की माल हलतो, हलला की फुटतो. दुसरा: नाजूक ते पोटात. जे सगळ्यात जपायचं ते सगळ्यात आत, कारण माल रस्त्याने फुटत नाही, हातांनी फुटतो. या दोन नियमांवर त्यांनी नोकरी केली, संसार केला, आणि प्रवासाला निघताना बायकोने भरलेली प्रत्येक बॅग पुन्हा उपसून स्वतः भरली. बायकोने लग्नानंतर तीन महिन्यांतच बॅगा भरणं सोडून दिलं. तिच्या मते हा लग्नाचा एक मोठाच फायदा होता.

तर ते राहत होते त्या इमारतीचे खांब दुरुस्तीला आले आणि दहा महिन्यांसाठी सगळ्यांना घरं रिकामी करायला सांगण्यात आलं. मास्तर आणि त्यांची बायको मुलाकडे राहायला जाणार हे ठरलं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशनही त्याच काळात उरकून घ्यायचं ठरलं. प्रश्न सामानाचा होता. मुलाचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यातली एक त्याच्या सोफ्याने व्यापलेली. म्हणून नवराबायको एका सकाळी भाड्याने गाळे देणाऱ्या गोदामात जाऊन बसले.

टेबलामागे गोदामबाई होत्या. गेली अठरा वर्षं त्या हे गोदाम सांभाळत होत्या. चेहऱ्यावरची रेषा हलू न देता बोलायची त्यांना सवय होती.

"सामान किती आहे?" त्यांनी विचारलं. या प्रश्नाला लोक "फार नाही हो, थोडंच" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी दोन ट्रक घेऊन येतात.

मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तीनशे अठ्ठ्याण्णव घनफूट."

गोदामबाईंनी पेन खाली ठेवलं. "मोजलंत?"

"उशांसकट."

"उशा दाबून की न दाबता?"

"दाबून," मास्तर म्हणाले, आणि आपल्याला समजून घेणारं माणूस भेटल्याच्या आनंदाने खुर्ची पुढे ओढून बसले.

"मलाही मोजलं असतं," बायको म्हणाली, "पण मी दाबली जात नाही."

गोदामबाईंनी गाळ्यांचे प्रकार सांगितले. बाहेरच्या रांगेतले पत्र्याचे गाळे: गाडी थेट दारापर्यंत जाते, पण ऊन लागलं की आत भट्टी. वरच्या मजल्यावरचे: स्वस्त, पण लिफ्ट एकच आणि तिची मर्जी सांभाळावी लागते. थंडावा राखलेले: चित्रं, वाद्यं असलं काही असेल तर. आणि आतल्या बाजूचे, तळमजल्यावरचे, साधे.

"लाकडी काय काय आहे?"

"कपाट, टेबल, पलंग आणि एक खुर्ची."

"खुर्ची नाही," बायको म्हणाली. "खुर्ची आपल्याबरोबर येणार."

इथे खुर्चीबद्दल सांगायला हवं. बायकोचे वडील सुतार होते. तिच्या आईचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी ही खुर्ची बनवली: बैठक जमिनीपासून एकोणीस इंच, पाठ सरळ, आणि हात इतके पुढे आलेले की त्यांवर तळवे टेकले की माणूस आपोआप उभा राहावा. आईने ती तेरा वर्षं वापरली. मग घरात गुडघे जसे वारशाने आले तशी खुर्चीही आली.

"अगं, मुलाच्या घरात ठेवणार कुठे?" मास्तर म्हणाले. "मी मोजलंय. सोफा आणि भिंत यांच्यामध्ये अकरा इंच आहेत. त्यातून सूनबाई आडवी होऊन जाते."

"मग सोफा पाठवू गाळ्यात."

"तो त्याने हौसेने घेतलाय. हे बघ, हे गोदाम त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तू नुसतं म्हण, अर्ध्या तासात खुर्ची तुझ्यापुढे."

बायकोने गोदामबाईंकडे पाहिलं. "ऐकलंत ना?"

"ऐकलं," गोदामबाई म्हणाल्या. "अर्धा तास. मग ती दाराशी ठेवा."

मास्तर हसले. भोळ्या माणसाकडे पाहून हसावं तसं. "दाराशी? बाई, नाजूक ते पोटात. सगळ्यात आधी खुर्ची आत जाणार, मागच्या भिंतीला लागून, घोंगडीत."

गोदामबाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "तुम्ही दहा बाय दहाचा गाळा घ्या. मधोमध दोन फुटांची गल्ली सोडा, म्हणजे कुठलीही वस्तू हाताशी."

"गल्लीत काय ठेवायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"हवा."

बायकोने कपाळाला हात लावला, कारण पुढचं वाक्य तिला पाठ होतं.

"बाई, चाळीस वर्षं मी कुणाला हवा पाठवली नाही. आता म्हातारपणी विकत घेऊ?" मास्तरांनी कागद टेबलावर सपाट केला. "पाच बाय दहा, उंची आठ. चारशे घनफूट. आमचं तीनशे अठ्ठ्याण्णव. दोन घनफूट हवा तरीही उरतेच आहे."

"ती ठेवा तुम्हाला," गोदामबाई म्हणाल्या. "आमच्याकडून."

त्यांनी फॉर्मवर गाळ्याचा आकडा लिहिला, चौदा. मग पेन तसंच धरून भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, चौदा खोडलं आणि सव्वीस लिहिलं.

"चौदा का नाही?" मास्तरांना खाडाखोड आवडत नसे.

"चौदाच्या मागे इमारतीची भिंत आहे. सव्वीस बरा."

"फरक काय पडतो?"

"सव्वीस बरा," गोदामबाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

सामान भरायच्या दिवशी हमाल दोन होते, पण काम एकट्या मास्तरांचं होतं. हमाल फक्त उचलत. कपाटाच्या पोटात गाद्या, गाद्यांच्या घड्यांत आरसे, कपडे धुवायच्या यंत्रात डबे, डब्यांत डब्या, डब्यांत बटणं. टेबल उलटं, त्याच्या चार पायांमध्ये पुस्तकं. शेवटी केरसुणी राहिली. ती त्यांनी शटर आणि शेवटचा खोका यांच्या फटीत उभी सरकवली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. जमिनीपासून छतापर्यंत एकसंध भिंत उभी होती. हमालांपैकी एकाने नकळत तिला हात लावून पाहिला.

"मुंगीला आत जायचं झालं तर?" मागून गोदामबाईंनी विचारलं.

"तिने दुसरा गाळा बघावा," मास्तर म्हणाले. आयुष्यातलं सर्वोत्तम काम आपण निवृत्त झाल्यावर केलं, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं. अडचण सोफ्याने केली.

तो सोफा ढगासारखा मऊ आहे असं मुलगा सांगत असे, आणि ते खरं होतं. ढगावरून उठायची सोयही ढगाइतकीच होती. मास्तरांची बायको त्यात बसली की कंबरेपर्यंत नाहीशी होई. मग सून दोन्ही हात धरून पुढून ओढी, मुलगा मागून पाठ ढकली, आणि मास्तर बाजूला उभे राहून "जरा डावीकडून, डावीकडून" अशा सूचना देत.

"तीन माणसं लागतात," ती धापा टाकत म्हणे. "मी काय पियानो आहे?"

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं. आजींनी कुणाच्या मदतीशिवाय दिवसातून वीस वेळा उठायला हवं, घट्ट, उंच आणि हात असलेल्या खुर्चीवरून. नाहीतर नवा गुडघा जुन्यासारखाच आखडून बसेल, आणि तो पुन्हा वळवणं फार कठीण. मुलाने त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकची खुर्ची आणली; तिच्यावर भार दिला की तिचे हात बाहेर पसरत, जणू तीच कुणाला तरी उठवायला सांगते आहे. मग कचेरीची गोल फिरणारी आणली. तिला चाकं होती. बायको उठायला लागली की ती मागच्या मागे स्वयंपाकघरात निघून जाई.

"आई, दुकानात जाऊन दुसरी बघतो," मुलगा म्हणाला.

"नको रे. चाललंय माझं," ती म्हणाली.

खुर्चीबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. मास्तर वाट पाहत होते. ती मागेल आणि आपल्याला अर्ध्या तासात आणावी लागेल या विचाराने ते तिच्यासमोर बसायचं टाळत. ती मागत नाही म्हणून आणखीच टाळत. कारण त्यांना हळूहळू उमगलं होतं, की गाळा कसा भरलाय हे तिला पक्कं ठाऊक आहे. पंचेचाळीस वर्षं ती त्यांनी भरलेल्या बॅगांतून तळाचा टॉवेल काढत आली होती. नवऱ्याला शब्द मोडायला लागू नये, म्हणून ती शब्दच वापरत नव्हती.

मग एका मंगळवारी दुपारी त्यांचं लक्ष पाण्याच्या तांब्याकडे गेलं. सकाळी सून कामावर जाताना भरून सोफ्याशेजारी ठेवून जाई. दुपार उलटली तरी तो काठोकाठ भरलेला होता. आदल्या दिवशीही असाच होता का? होता. त्याच्या आदल्या दिवशीही. ती दवाखान्यातून घरी आल्याला सोळा दिवस झाले होते.

"पाणी प्यायलीस का गं?"

"तहान नाही."

मास्तर तिथेच उभे राहिले. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारावी लागते. दुपारी घरात हाकेला बहात्तर वर्षांचा एकटा नवरा, तोही नुसत्या सूचना देणारा. ज्या बाईने आयुष्यात कुणाला "जरा मीठ दे" म्हटलं नाही, उठून स्वतः घेतलं, ती पाणी वाचवत बसली होती.

"मी जरा फिरून येतो," मास्तर म्हणाले.

गोदामात येऊन त्यांनी सव्वीस नंबरचं शटर वर केलं. केरसुणी बाहेर आली. त्यापलीकडे काहीही आलं नाही. सगळ्यात वरचा खोका त्यांनी दोन्ही हातांनी धरून ओढला. तो हलला नाही. शेजारचा ओढला, त्याने शेजारच्याला धरून ठेवलं होतं. खालचा काढावा तर वरचे त्याच्यावर निवांत बसलेले. हवाच नव्हती, तर हलणार कुठून? अर्धा तास झटून मास्तरांनी एक उशी बाहेर काढली, आणि तीसुद्धा बाहेर येताच फुगून दुप्पट झाली. आता ती परत आत जाणार नव्हती. हे सगळं बाहेर काढायचं तर रस्ता अडेल, आणि भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती की वाटेत सामान ठेवू नये. मुलगा कामासाठी बाहेरगावी, तो रविवारी येणार. रविवारला पाच दिवस होते. पाच तांबे.

"कुठल्या गाढवाने भरलंय हे!" मास्तर मोठ्याने म्हणाले, आणि उशीवर बसले.

"चांगला माणूस आहे," मागून आवाज आला. "फक्त त्याला परत यायची सवय नाही." गोदामबाई उभ्या होत्या. "काय, खुर्ची?"

मास्तरांनी मान हलवली. बोलायला गेले आणि तांब्याचं सांगून बसले. सगळं, अगदी 'तहान नाही'पर्यंत.

गोदामबाईंनी ऐकून घेतलं. "माल पाठवणाऱ्याचं काम माल निघाला की संपतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे माल निघत नाही, थांबतो. आणि थांबलेल्या मालाकडे माणूस परत येतोच. चला, उशी घ्या आणि मागून या."

"मागून कुठून?"

त्या उत्तर न देता चालू लागल्या. कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या बोळात शिरल्या, आणि एका शटरपुढे थांबल्या. एकोणचाळीस नंबर. शटर वर गेलं. आत काही नव्हतं. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, काठोकाठ हवा. समोरच्या टोकाला पत्र्याची भिंत होती.

"ही तुमची मागची भिंत," गोदामबाई म्हणाल्या आणि ओढणीच्या टोकाला बांधलेला स्क्रूड्रायव्हर सोडला. "आठ स्क्रू आहेत. वरचे मी काढते, खालचे तुम्ही काढा. माझेही गुडघे काही नवे नाहीत."

पत्रा बाजूला झाला. समोर घोंगडीत गुंडाळलेली खुर्ची होती आणि तिच्यावर मास्तरांच्याच अक्षरात कागद होता: नाजूक. ही बाजू वर.

मास्तर कागदाकडे पाहत राहिले. "हा गाळा रिकामा कसा?"

"ठेवला."

"इतके आठवडे? कुणी मागितला नाही?"

"चौघांनी मागितला. सांगितलं, भिंतीचं काम चालू आहे." त्यांनी सुटलेला पत्रा टेकवून ठेवला. "आता खोटं नाही ना राहिलं? तुम्ही म्हणालात नाजूक ते पोटात. तुमचं पोट दहा फूट खोल. म्हटलं, निदान पाठ तरी मोकळी असावी."

मास्तरांनी खुर्ची अलगद बाहेर ओढली. तिच्या जागी खुर्चीच्याच आकाराचं भोक राहिलं. भोवतालचा एकही खोका, एकही डबा, एकही पुस्तक तसूभर सरकलं नाही. गोदामबाई वाकून आत बघत राहिल्या.

"काही हललं नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा किंचित हलली. "अठरा वर्षांत असं भरलेलं पाहिलं नाही हो मी."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, मग उगाचच खुर्चीही पुसली.

गोदामबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याला हाक मारली आणि दहा मिनिटांत खुर्ची मुलाच्या घरी पोहोचली. मास्तरांनी प्लॅस्टिकची खुर्ची गॅलरीत ठेवली, फिरणारी खुर्ची कपड्यांखाली गाडली, टेम्पोवाल्याला हाताशी घेऊन सोफा बायकोसकट सरकवला आणि खुर्ची खिडकीपाशी मांडली. मग हात देऊन बायकोला सोफ्यातून बाहेर काढलं. या वेळी सूचना दिल्या नाहीत, नुसतं ओढलं.

ती बसली. तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले. बोटं आपसूक त्या झिजलेल्या खोलगट जागेत गेली, जिथे तिच्या आईची गेली होती. क्षणभर थांबली आणि उभी राहिली. एकटी. परत बसली, परत उभी राहिली.

"मी मागितली नव्हती," ती म्हणाली. "मग अर्धा तास कुठून धरायचा?"

"धरूच नको. उशीर झालाय."

"किती?"

"सोळा तांबे," मास्तर म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तांब्यातून ओतून एक पेला पाणी प्यायली. आणखी एक प्यायली. "आता बघा तुम्ही," ती म्हणाली, "दिवसभर ये-जा करते की नाही ते." आणि केली. मास्तर पेपर वाचण्याचं नाटक करत ती मोजत बसले. बावीस झाली.

संध्याकाळी त्यांनी कागद घेतला. तक्रारीची एकतीस पत्रं त्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे पत्र कसं नसावं हे ठाऊक होतं. कसं असावं हे ठरवायला दोन कागद फाडावे लागले. तिसऱ्यावर लिहिलं: "आपल्याकडून निघालेली एक खुर्ची आज सुखरूप पोहोचली. ओरखडा नाही. वापर सुरू झाला आहे. माल असा जपून ठेवणारी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. मी आणि माझी बायको आपले आभारी आहोत." खाली सही केली, आणि सहीखाली, सवयीने, ही बाजू वर असा बाण काढला.

गोदामबाईंनी पत्र वाचलं, परत वाचलं. "लोक फक्त कुलूप अडकलं की लिहितात," त्या म्हणाल्या. ते पत्र त्यांनी फाइलमध्ये लावलं नाही. टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

रविवारी मुलगा आला, हमाल आले, आणि सगळं सामान दहा बाय दहाच्या गाळ्यात नव्याने मांडलं गेलं, दोन्ही भिंतींना लागून. मधली वाट मास्तरांनी स्वतः फूटपट्टीने मोजली. दोन फूट. मग काठी घेतलेल्या बायकोला आठवून अडीच केली. हमालाने रिकाम्या वाटेत एक खोका ठेवायला आणला, तेव्हा ते त्याच्यावर इतके ओरडले की तो घाबरून खोका घेऊन बाहेर गेला.

बायको बघायला आली. काठी टेकत वाटेतून थेट शेवटपर्यंत चालत गेली. जाता जाता आपल्या कपाटाला, आपल्या टेबलाला, डब्यांच्या रांगेला हात लावत. टोकाला पोहोचून वळली. गोदामबाई दारात उभ्या होत्या.

"आणि इथे मधे काय ठेवलंय हो?" तिने नवऱ्याला विचारलं, सगळं माहीत असून.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "हवा आहे. बाईंच्या ओळखीची."

"चांगली आहे," बायको म्हणाली, आणि आलेल्या वाटेने, कुणाचा हात न धरता, परत आली.